ताम्हिणीत रेंज गेल्यावर काय? वॉकी-टॉकी, हॅम रेडिओ आणि म्हातारा मोर्स कोड

हिंजवडी आणि ताम्हिणी एकाच तालुक्यात येतात, हे पुण्यात राहणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन्ही मुळशी तालुक्यात. हिंजवडीत कॅन्टीनमध्ये बसून तुम्ही फाइव्ह-जीवर फोर-के व्हिडिओ बघता. तिथून पन्नासेक किलोमीटरवर, पौड ओलांडून मुळशी धरणाच्या कडेने घाटाकडे निघालात, की फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या एकेक करून गळायला लागतात. पुढे काही वळणांवर एक दांडी येते, जाते, मग तीही येत नाही. अंधारबनच्या जंगलात तर फोन म्हणजे फक्त कॅमेरा.

रविवारच्या ट्रेकला याची गंमत वाटते. "डिजिटल डिटॉक्स" वगैरे स्टेटस टाकता येतं (घरी आल्यावर). पण पावसाळ्यात हाच प्रश्न वेगळा होतो. २५ जुलै २०२४ ला सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलीमीटर पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्यातला मोठा हिस्सा इथे एका दिवसात पडला. अशा दिवशी दरड येते, झाडं पडतात, वीज जाते. आणि नेमकी तेव्हाच, जेव्हा फोन सगळ्यात जास्त लागतो, तेव्हा रेंज जाते.

आता हा विषय निघायचं कारण म्हणजे २०२५ मध्ये घडलेली एक गोष्ट. बऱ्याच ट्रेक ग्रुपनी रेंजवर स्वतःपुरता उपाय काढला होता: ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारे वॉकी-टॉकी. मे २०२५ मध्ये सरकारने त्यावर बडगा उगारला.

नेमकं काय झालं?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे महिन्यात अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांच्यासह १३ ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. या साइट्सवर मिळून वॉकी-टॉकीच्या १६,९७० जाहिराती सापडल्या होत्या. आक्षेप असा, की सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो की नाही, त्याला सरकारी मान्यता आहे की नाही, यातलं काहीच गिऱ्हाइकाला सांगितलं जात नव्हतं. मेअखेरीस अशा विक्रीसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वंही आली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती. रेंज देत नाहीत, आणि आम्ही आमची सोय केली तर तीही बंद! पण जरा आत शिरलं की सरकारची बाजू अगदीच चुकीची नाही हे कळतं. ट्रेकर्समध्ये लोकप्रिय असलेला तो काळा चिनी सेट, बाओफेंग, साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही चार-पाच वॅटने बोलू शकतो. या पट्ट्यात पोलीस आहेत, रेल्वे आहे, खासगी सुरक्षा यंत्रणा आहेत. तुम्ही सहज बटणं दाबत एखाद्या चॅनेलवर गेलात आणि "अरे पोहे कुठपर्यंत आले?" विचारलंत, तर तिकडे खरोखरच्या कामात असलेल्या माणसाच्या कानात ते पोहे जाणार.

मग परवान्याशिवाय काहीच वापरता येत नाही का? येतं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी ताकदीच्या वॉकी-टॉकीसाठी २०१८ पासून परवानामुक्त आहे. सेटला सरकारची उपकरण-मान्यता मात्र हवी. ट्रेकच्या रांगेतला पहिला आणि शेवटचा माणूस एकमेकांशी बोलायला एवढं पुरतं. पण मध्ये एक डोंगरसोंड आली की संपलं. ताम्हिणीहून पौडला निरोप पोचवणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे.

मग सॅटेलाइट फोन?

इथे बरेच जण फसतात, म्हणून मुद्दाम सांगतो. आयफोन १४ पासून सॅटेलाइटवरून आपत्कालीन मेसेजची सोय आहे, पण ती भारतात चालू नाही. गिर्यारोहक जगभर वापरतात ते गार्मिनचे सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय बाळगणंच बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू महिलेला याच कारणासाठी अडवलं होतं. तिला वाटलं, सुरक्षेसाठी ठेवलेली वस्तू आहे, कोण हरकत घेणार? परदेशातल्या नातेवाइकाने असं काही भेट दिलं असेल, तर ते घेऊन विमानात चढू नका.

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, पण ती सेवा म्हणजे गच्चीवर डिश लावून मिळणारं इंटरनेट. खिशातला फोन थेट उपग्रहाला जोडणं हा वेगळा विषय आहे.

आणि मोबाइल कंपन्यांची स्वतःची तयारी? ती आहे, पण तिच्या मर्यादाही आहेत. २०२३ मध्ये तुमचा फोन एक दिवस अचानक मोठ्याने किंचाळला होता, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्ट इशाऱ्याची चाचणी होती. हा इशारा एकेरी असतो. तुम्हाला उलट काही सांगता येत नाही. आपत्तीच्या वेळी कोणत्याही कंपनीच्या टॉवरवर कोणाचाही फोन चालवायची सोयही करता येते, त्याला इंट्रा-सर्कल रोमिंग म्हणतात. पण दोन्हीसाठी एक तरी टॉवर जिवंत हवा. टॉवरला दोन गोष्टी लागतात: वीज आणि मागे शहराकडे जाणारी जोडणी. वीज गेली की बॅटरी काही तास टिकते, मग जनरेटर. डिझेल संपलं आणि रस्ता दरडीने बंद असेल, तर ते आणणार कोण? जोडणीची फायबर केबल तर बहुतेक वेळा त्याच रस्त्याच्या कडेने गेलेली असते, जो खचलेला असतो.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. ही बातमी बाहेर कशी आली? सकाळी नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा. पुणे जिल्ह्यात, एकविसाव्या शतकात.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

सोप्या भाषेत: परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या रेडिओ सेटवरून जगात कुणाशीही बोलायचा छंद. मध्ये कंपनी नाही, सिम नाही, रिचार्ज नाही, टॉवर नाही. माझा सेट आणि तुमचा सेट, बस्स. प्रत्येक परवानाधारकाला एक कॉल साइन मिळतं, म्हणजे हवेतली नंबर प्लेट. भारतातली व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होतात. राजीव गांधींचं होतं व्हीयू-२-आरजी.

तुम्ही हॅम रेडिओ बातम्यांत ऐकलाही असेल. ४ जुलै २०२५ ला शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून बेंगळुरूच्या इस्रो केंद्रात जमलेल्यांशी बोलले, ते हॅम रेडिओवरूनच. पुण्याचाही या क्षेत्रात वाटा आहे. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' हा किलोभराहून हलका उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने वर गेला. त्याचं काम काय होतं? हॅम लोकांचे मेसेज इकडून तिकडे पोचवणं.

नियम मात्र कडक आहेत. हॅमवर धंदा करायचा नाही, राजकारण नाही, गाणी लावायची नाहीत, आणि सांकेतिक भाषेत गुपचूप बोलायचं नाही. (मोर्स ही गुप्त भाषा धरत नाहीत, कारण ती सगळ्यांना येते. म्हणजे यायला हवी.) थोडक्यात, हे व्हॉट्सअॅप नव्हे. तुम्ही जे बोलाल ते कोणीही ऐकू शकतो, आणि आपत्तीच्या वेळी नेमका तोच फायदा असतो.

डोंगर ओलांडायचा कसा?

तरुण वाचक इथे हमखास विचारतात: वॉकी-टॉकीला डोंगर आडवा येतो, मग हॅम सेटला येत नाही का? येतो. आणि म्हणूनच पुढचा भाग समजून घेणं गरजेचं आहे.

वॉकी-टॉकीच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे १४५ किंवा ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास, लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. दिसतं तिथपर्यंत पोचतं. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर आहे तो काय देखाव्यासाठी? उंचीवरून सगळं पुणं 'दिसतं' म्हणून. हॅम लोकही उंचावर रिपीटर बसवतात: खालून एका सेटचा आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी वरून पुन्हा सोडायचा. पण रिपीटरलाही वीज लागते, आणि सह्याद्रीच्या घळीत उतरलात की तोही दिसेनासा होतो.

दुसरी वाट आकाशातून जाते. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वर गेल्या की साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावरून, आयनोस्फिअरवरून, परत खाली वळतात. मग करायचं एवढंच: दहा मीटरची एक आणि दहा मीटरची दुसरी, अशा दोन तारा आडव्या, जमिनीपासून फार उंच नाही, चार-पाच मीटरवर, दोन झाडांमध्ये बांधायच्या. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि छत्रीसारखी चहूबाजूंनी दोन-तीनशे किलोमीटरच्या वर्तुळात खाली पडते. डोंगर आडवा यायचा प्रश्नच नाही, कारण आपण त्याच्या डोक्यावरून गेलो. ताम्हिणीच्या घळीतून पौड, पुणे, महाड, सातारा, सगळं या छत्रीखाली येतं. रात्री हा थर बदलतो, मग ७ ऐवजी साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं. एवढी समज हॅमला असावी लागते. सेट विकत घेतल्याने ती येत नाही.

गंमत म्हणजे आकाशाच्या या थराचा मोठा व्यापारी उपयोग भारतात पहिल्यांदा झाला तो आपल्याच जिल्ह्यातून. १९२७ साली भारत आणि इंग्लंडमध्ये 'बीम वायरलेस' सेवा सुरू झाली. मार्कोनी कंपनीचं तंत्रज्ञान. पाठवायचं केंद्र खडकीला, घ्यायचं केंद्र दौंडला. दोन्ही एका जागी का नाही? कारण शेजारी ढोल वाजत असताना दूरची बासरी ऐकू येत नाही. स्वतःच्या ट्रान्समीटरच्या कल्लोळात सातासमुद्रापलीकडचा क्षीण सिग्नल बुडाला असता. खडकीहून निघणारे संदेश ठिपके आणि रेघा होते, म्हणजेच मोर्स. फक्त हाताने नव्हे, भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून मशीनने, मिनिटाला शंभराहून जास्त शब्दांच्या वेगाने.

मोर्स कोड अजून का जिवंत आहे?

आपल्या आजी-आजोबांना 'तार' म्हटलं की धस्स व्हायचं. तार आली म्हणजे बहुधा कुणीतरी गेलं. कट्ट-कडकट्ट करत बसलेला तारमास्तर, पोस्टातला तो आवाज, हे सगळं १५ जुलै २०१३ ला अधिकृतपणे संपलं. त्या आधी शेवटची तार पाठवायला लोकांनी रांगा लावल्या होत्या. पण सेवा संपली म्हणून भाषा संपली असं नाही. ती हॅम लोकांनी टिकवली, आणि निव्वळ जुन्याच्या प्रेमापोटी नव्हे.

मोर्समध्ये दोनच गोष्टी: सिग्नल आहे किंवा नाही. ठिपका हे मोजमाप. रेघ तीन ठिपक्यांएवढी. अक्षराच्या आतली फट एक ठिपका, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणाऱ्या 'ई'ला एकच ठिपका, 'टी'ला एक रेघ. 'क्यू'सारख्या दुर्मिळ अक्षराला चार खुणा. जे सारखं लागतं ते छोटं ठेवायचं. आपण झिप फाइलमध्ये वापरतो तीच युक्ती, एकोणिसाव्या शतकातली.

आता खरा मुद्दा. माणसाचा आवाज पाठवायला रेडिओवर साधारण अडीच हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते. मोर्सला अडीचशे हर्ट्झ भरपूर झाली. जुन्या वाड्याचा महादरवाजा डोळ्यांसमोर आणा. तो सताड उघडला तर पाहुणा आत येतो, पण त्याच्याबरोबर रस्त्यावरची धूळ, गोंगाट, शेजारची गाय, सगळंच आत येतं. म्हणून त्या दारात एक छोटा दिंडी दरवाजा असतो. एका वेळी एक माणूस, वाकून. मोर्स त्या दिंडी दरवाजातून येतो. दार दहापट अरुंद, म्हणून आत येणारा गोंगाटही दहापट कमी. ढोबळ हिशेब असा, की आवाजाला पन्नास वॅट लागतील तिथे मोर्स पाच वॅटमध्ये काम भागवतो. आणि वर माणसाचा कान हा भलताच हुशार फिल्टर आहे. खरखरीखाली दबलेली एक बारीक शिट्टी तो शोधून काढतो.

हे मी पुस्तकातून सांगत असलो तरी माझा विश्वास बसला तो भूगावच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. पाण्याच्या टाक्यांमध्ये वीस मीटर तार ताणलेली, खाली पाच वॅटचा छोटा सेट, बारा व्होल्टची बॅटरी. (कमिटीचे काका दोनदा वर येऊन गेले. "केबलवाला बदलला का रे?" "नाही काका, रेडिओ आहे." "मग गाणी लाव की.") संध्याकाळी अर्धा तास आवाजात हाका मारल्या, कोणी दाद दिली नाही. मग तोच सेट, तीच तार, तेच पाच वॅट, पण मोर्स. चौथ्या हाकेला केरळमधल्या एका हॅमने उत्तर दिलं. त्याला माझा सिग्नल फार जोरात नव्हता, पण प्रत्येक अक्षर पोचलं होतं. पाच वॅट म्हणजे किती? घरातल्या एलईडी बल्बपेक्षा कमी.

बॅटरी मोजून वापरायची वेळ आली, सोलर पॅनेलवर ढग आहेत, तार कशीबशी बांधली आहे, अशा स्थितीत हा दहापटीचा फरक म्हणजे निरोप पोचणं आणि न पोचणं यातला फरक.

आजच्या काळात यापेक्षाही हुशार डिजिटल पद्धती आहेत. नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये आणलेली एफटी-८ ही त्यातली सर्वांत लोकप्रिय. मोर्सचा आवाज कानाला लागणार नाही इतक्या क्षीण सिग्नलमधूनही ती मजकूर काढते. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ती मोर्सपेक्षा सरस वाटायला हवी. वाटतेही. पण तिला कॉम्प्युटर लागतो, अचूक घड्याळ लागतं आणि ठरीव साच्याचे मेसेज लागतात. "पूल गेला, चार जखमी, दोर आणा" हे त्या साच्यात बसत नाही. मोर्सला एक बटण आणि एक शिकलेलं डोकं पुरतं.

मग मोर्सची परीक्षा असावी का?

२००३ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या परिषदेत मोर्सची अट प्रत्येक देशाच्या मर्जीवर सोडली गेली. अमेरिकेने २००७ मध्ये ती काढून टाकली. भारतात आजही दोन दर्जे आहेत. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स लागत नाही. रेडिओचं मूलभूत ज्ञान आणि नियम, एवढीच लेखी परीक्षा. जनरल दर्जाला जास्त ताकद आणि जास्त मुभा मिळते, पण मिनिटाला ८ शब्द या वेगाने मोर्स पाठवता आणि घेता आला पाहिजे. ८ शब्द म्हणजे एक ठिपका सेकंदाच्या सातव्या भागाएवढा. भीतीदायक वाटतं, पण रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर काही महिन्यांत जमतं.

माझं मत विचाराल तर ही अट आज फार मोठी अडचण नाही, कारण आत यायला रिस्ट्रिक्टेडचं दार उघडं आहे. वयाची अट फक्त १२ वर्षं. म्हणजे पौडच्या शाळेतली सातवीतली मुलगी कायद्याने हॅम होऊ शकते. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर, परीक्षा वायरलेस मॉनिटरिंगच्या सरकारी केंद्रावर, परवान्याचं शुल्क हजार-दोन हजारांच्या घरात, तेही वीस वर्षांसाठी किंवा आयुष्यभरासाठी. अडचण वेगळीच आहे. अभ्यासाचं बहुतेक साहित्य इंग्रजीत. परीक्षेनंतर पडताळणी आणि परवाना हातात येईपर्यंत महिने जातात, तोवर मुलांचा उत्साह मावळतो. आणि परवानाधारक जमतात ते शहरात. पुण्यात हॅम आहेत. घाटात निरोप निघायचा आहे तिथे नाहीत.

याच मुद्द्यावर सगळं अडतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

हॅम रेडिओने आपत्तीत काम केल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, दोन्हीकडे बाहेरून हॅम गेले आणि निरोपांची ने-आण केली. पण सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट अंदमानची आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओची टीम पोर्ट ब्लेअरला गेली होती ती निव्वळ छंदासाठी. अंदमानमधून बऱ्याच वर्षांत हॅम प्रसारण झालं नव्हतं, त्यामुळे जगभरचे हौशी त्यांच्या सिग्नलची वाट बघत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्याच सेटवरून बेटांचे आणि मुख्य भूमीचे निरोप सुरू झाले. हे जमलं कारण सेट, तार आणि सराव असलेली माणसं आपत्तीच्या आधीच तिथे होती. योगायोगाने.

मुळशीच्या घाटात हा योगायोग घडवून आणता येतो का, असा प्रश्न आहे. पुण्यातला हॅम दरडीनंतर ताम्हिणीकडे निघाला तर तो दरडीच्या अलीकडेच अडकेल. पलीकडे कोणीतरी हवं: शाळेतले शिक्षक, वन विभागाचा कर्मचारी, होमस्टे चालवणारं कुटुंब, वायरमन. गावात एक परवाना, एक सेट, एक बॅटरी, छपरावर वीस मीटर तार. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पुण्याशी बोलायचा शिरस्ता, कारण वापर नसलेला सेट आपत्तीच्या दिवशी हमखास चालत नाही. 'सरावासाठी छंद' हे हॅमचं खरं बलस्थान. सरकारी वायरलेस सेट पोलीस ठाण्यात असतो. हा घरातल्या कपाटावर असतो आणि पोरं त्यावर रोज खेळतात.

परवाना नको असेल तर?

एक मधली वाट अलीकडे पुढे आली आहे आणि तुमच्या पिढीला ती जास्त आवडेल. लोरा नावाचं रेडिओ तंत्र आणि त्यावर चालणारं मेशटॅस्टिक हे मोफत सॉफ्टवेअर. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं उपकरण ब्लूटूथने फोनला जोडायचं आणि फोनवर टाइप करायचं. मेसेज एका उपकरणावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा जो परवानामुक्त पट्टा आहे, त्यात हे चालतं. आवाज नाही, फोटो नाही, फक्त छोटा मजकूर. अरुंद जागा, कमी ताकद, हळू वेग, जास्त पल्ला: बघा, मोर्सचंच गणित. कोरीगड, घनगड, तैलबैला अशा उंच जागी एकेक उपकरण सोलरवर ठेवलं तर दऱ्यांमधले ग्रुप जोडले जाऊ शकतात. अर्थात गडावर काहीही लावण्याआधी संबंधित खात्याची परवानगी हवी. मर्यादा तीच, सरळ नजरेची. हॅमसारखं आकाशावरून उडी मारणं याला जमत नाही.

ट्रेक ग्रुपला मी तरी आज असं सांगेन: आपापसात बोलायला मान्यताप्राप्त ४४६ चा सेट किंवा लोरा, आणि ग्रुपमध्ये किमान एकाने हॅम परवान्याची तयारी सुरू करावी. निघताना कुठे जातोय आणि किती वाजता परत, हे घरी कागदावर लिहून ठेवणं या सगळ्याच्या आधी येतं. त्याला बॅटरी लागत नाही.

फोनवर आजपासून काय करता येईल?

ऐकायला सेट लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउजरमध्ये उघडा. तो एक खराखुरा रेडिओ आहे, तुम्ही इथून त्याची फ्रिक्वेन्सी फिरवता. ७००० ते ७०४० किलोहर्ट्झच्या दरम्यान सीडब्ल्यू मोड लावून रात्री ऐका. एकाच वेळी दहा-वीस माणसं शिट्ट्यांत बोलताना ऐकू येतील.

अँड्रॉइडच्या जीबोर्डमध्ये २०१८ पासून मोर्सचा कीबोर्ड आहे. हात नीट न हलवता येणाऱ्या लोकांसाठी गूगलने तो आणला, कारण दोन बटणं दाबता आली तरी पूर्ण मजकूर लिहिता येतो. सेटिंग्जमध्ये लँग्वेजेस, तिथे इंग्लिश, आणि लेआउटमध्ये मोर्स कोड. दोन दिवस चॅट त्यावर करून बघा. मित्र वैतागतील, तुम्हाला अक्षरं पाठ होतील. कानाने शिकायला एलसीडब्ल्यूओ ही मोफत साइट चांगली. एक चूक मात्र करू नका: ठिपके-रेघांचा तक्ता पाठ करू नका. मोर्स ही डोळ्याची नाही, कानाची भाषा आहे. तक्त्यावरून शिकलेला माणूस पाच शब्दांच्या वेगावर अडकतो.

आणि घाटात सेट नाही, रेंज नाही, अंधार पडलाय, फक्त फोनचा टॉर्च आहे, अशा वेळी: तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे झोत म्हणजे एसओएस. डोंगरातला दुसरा संकेत लक्षात ठेवायला आणखी सोपा आहे. मिनिटाला सहा झोत किंवा सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. समोरून मिनिटाला तीन आले तर समजा, कोणीतरी तुम्हाला पाहिलंय. टॉर्च चालू राहण्याएवढी बॅटरी उरावी म्हणून रेंज नसलेल्या भागात शिरतानाच फोन फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर टॉवर शोधण्यात तो स्वतःलाच संपवतो.